लष्करी सेवा लपवू नये

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले. सातारा-सांगलीच्या अनेक घरांत सैनिकी पेशा असाच पिढीजात आहे. आज निवृत्त सैनिकांची मुले परदेशी असतात आणि आईवडिलांना भेटीस बोलावतात. कॅनडाच्या व्हिसा-अर्जात लष्करी सेवेचा प्रश्न येताच ‘नाही’ लिहिण्याचा मोह होतो. भीती अगदीच निराधार नाही. २०१० मध्ये सीमा सुरक्षा दलाच्या एका निवृत्त जवानाला त्या सेवेपायीच व्हिसा नाकारला गेला होता. परंतु भारताने आक्षेप घेतल्यावर कॅनडाने खेद व्यक्त केला. खोट्या माहितीस मात्र तेथील कायद्याने पाच वर्षांची प्रवेशबंदी आहे. तेव्हा पलटण, हुद्दा, सेवाकाळ निवृत्तीच्या कागदांवरून अचूक लिहावा. ज्या सेवेचे निवृत्तिवेतन ताठ मानेने घ्यावयाचे, ती अर्जात नाकारणे शोभत नाही.