कॅलिफोर्नियाने टँकमधल्या शेवाळावर बंदी का घातली?

रीफ टँकमध्ये माशांचं खाणं आणि विष्ठा यांमुळे नायट्रेट-फॉस्फेट साठतं. म्हणून हौशी लोक टँकला जोडलेल्या वेगळ्या कप्प्यात, म्हणजे रेफ्युजियममध्ये, मुद्दाम शेवाळ वाढवतात. शेवाळ ते शोषून वाढतं. कापून बाहेर काढलं की नायट्रेट-फॉस्फेटही बाहेर! तिथेच कुजलं, तर सगळं परत पाण्यात.

मग बंदी कशाला? कॉलर्पा या शेवाळाचा छोटा तुकडाही नव्याने वाढतो. २००० साली कॅलिफोर्नियात कार्ल्सबादजवळ कॉलर्पा टॅक्सिफोलिया सापडलं. ते संपलं असं जाहीर व्हायला २००६ उजाडलं, खर्च ७० लाख डॉलरच्या वर गेला. २००१ मध्ये नऊ प्रजातींवर बंदी आली. पण २०२१ मध्ये न्यूपोर्ट बेमध्ये सापडलेलं कॉलर्पा प्रोलिफेरा त्या यादीत नव्हतंच! शिवाय दिसायला सारख्या प्रजाती ओळखणार कोण? म्हणून २०२४ पासून तिथे कॉलर्पाच्या सगळ्याच प्रजातींवर बंदी आहे.

रेफ्युजियमचं काम मात्र अडत नाही. कीटोमॉर्फा हे गुंतवळासारखं शेवाळ तेच काम करतं. फक्त लक्षात ठेवा: कापलेलं शेवाळ गटारात किंवा खाडीत टाकू नका. पूर्ण वाळवा, मगच कचऱ्यात टाका.