कार्ड कर्नाटकाचं, दवाखाना कोल्हापूरचा

निपाणीहून कोल्हापूर साधारण ४० किलोमीटर, बेळगाव जवळजवळ दुप्पट. मध्यरात्री आजोबांच्या छातीत कळ आली, तर गाडी कोल्हापूरकडेच वळणार. पण घरातलं आरोग्य कार्ड कर्नाटकाचं! चंदगडकरांचं नेमकं उलटं. त्यांना बेळगाव जवळ आणि कार्ड महाराष्ट्राचं.

२०२३ मध्ये महाराष्ट्राने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली. कर्नाटकाने लगेच हरकत घेतली. गोव्याकडेही असाच प्रसंग आला. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजने २०१८ मध्ये परराज्यातल्या रुग्णांकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली, तेव्हा सिंधुदुर्गात आंदोलन उभं राहिलं. गोव्याची बाजूही समजून घ्यायला हवी. खाटा त्यांच्या, खर्च त्यांचा. म्हणजे खरा प्रश्न हिशेबाचा आहे.

हा हिशेब युरोपातल्या एका डोंगरी भागाने जमवलाय. पिरेनीज पर्वतातलं सेर्दान्या हे खोरं १६५९ च्या तहात फ्रान्स आणि स्पेनमध्ये वाटलं गेलं. दोन्हीकडे जुनी भाषा एकच, कातालान. (ओळखीचं वाटतंय ना?) फ्रान्सच्या बाजूच्या लोकांना मोठ्या इस्पितळासाठी घाटरस्त्याने सुमारे १०० किलोमीटरवरचं पेर्पिन्यां गाठावं लागायचं. मग दोन्ही सरकारांनी मिळून स्पेनच्या हद्दीत, पुईग्सेर्दा गावी, एकच रुग्णालय बांधलं. ते २०१४ मध्ये सुरू झालं. चालवण्याचा खर्च कातालोनिया ६० टक्के आणि फ्रान्स ४० टक्के असा ठरला. डॉक्टर-नर्सही दोन्हीकडचे.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. फ्रेंच आईचं बाळ तिथे जन्मलं की जन्मस्थान स्पेन लागायचं आणि कागदपत्रांसाठी घरच्यांची धावपळ व्हायची. पण सीमा कुणाची, हा वाद सोडवत बसण्याआधी त्यांनी बिलाची वाटणी ठरवली. आपला सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर कोल्हापूर-बेळगावच्या रुग्णालयांचा हिशेब दोन सरकारांनी आपसात करायला हरकत काय? तिकडे तर दोन वेगळे देश होते, आपल्याकडे नुसती दोन राज्यं आहेत.

आज हाताशी काय आहे, तेही पाहू. आयुष्मान भारतचं कार्ड देशभरातल्या संलग्न रुग्णालयांत चालावं, अशी त्या योजनेची रचना आहे. केवळ राज्याच्या पैशावरच्या लाभार्थ्यांना मात्र ती सोय मिळेलच असं नाही. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, ५ लाखांचं संरक्षण आहे. त्यासाठी वेगळं कार्ड काढावं लागतं. मुलांनो, आजी-आजोबांचं ते काढलंय का, रविवारी घरी विचारा. नसेल तर आधार कार्ड घेऊन मोबाइलवरही नोंदणी करता येते. शंका असेल तर १४५५५ वर फोन करा. आणि कोल्हापूरचं कोणतं रुग्णालय हे कार्ड घेतं, ते आजच विचारून फ्रिजवर चिकटवून ठेवा.