पिस्तूल जुने की झिजलेले?

वायोमिंगमधील हवाई तळावर एका सैनिकाचा गोळी लागून मृत्यू झाल्यानंतर अमेरिकी हवाई दलाच्या ग्लोबल स्ट्राइक कमांडने जुलै २०२५ मध्ये एम-१८ पिस्तुलाचा वापर थांबवला. पुढे दुसऱ्या एका सैनिकाला अटक झाली, तपासणीनंतर वापरही पुन्हा सुरू झाला. मात्र त्या तपासणीत काही पिस्तुलांचे भाग झिजलेले आढळले.

एम-१८ ही सिग सॉअर पी-३२० ची लष्करी आवृत्ती. सुटे भाग कानस न लावता बदलता यावेत, अशी तिची रचना. तरीही विशिष्ट कोनात खाली पडल्यास पी-३२० मधून गोळी सुटू शकते, असे दिसल्यावर २०१७ मध्ये उत्पादकाला विनामूल्य दुरुस्ती जाहीर करावी लागली.

याउलट ब्राउनिंगचे एम-१९११ म्हणजे कारागिराने घासूनपुसून बसवायचे पिस्तूल, असा समज आहे. तो अर्धाच खरा. १९११ च्या चाचणीत त्याने ६,००० गोळ्या न अडखळता झाडल्या. दुसऱ्या महायुद्धात ते सर्वाधिक बनवले टंकलेखन यंत्रांच्या रेमिंग्टन रँडने (!); एका कारखान्याचे भाग दुसऱ्याच्या पिस्तुलात बसलेच पाहिजेत, ही लष्कराची अट होती. भागांमधील मोकळीक धूळ-चिखल पचवीत असे. काडतूस ओढणाऱ्या आकडीचा ताण तेवढा नेमका लागे. घासून बसवण्याची ख्याती आली ती मुख्यतः नेमबाजीच्या स्पर्धांसाठी ही मोकळीक आवळली गेल्यावर.

१९८५ मध्ये बेरेटाची निवड झाली, तेव्हा लष्कराने एम-१९११ ची नवी खरेदी करून चाळीस वर्षे लोटली होती. एम-१८ ला सेवेत दहा वर्षेही झालेली नाहीत.