फाइल फाडून टाकू नका

युरोपातली बातमी तुम्हीही वाचली असेल. डेन्मार्कमधल्या एका शुक्राणुपेढीच्या एकाच दात्यापासून वेगवेगळ्या देशांत मिळून किमान १९७ मुलं जन्मली. त्याच्या काही शुक्राणूंत टीपी५३ या जनुकाचा दोष होता. हा दोष ज्या मुलात उतरतो, त्याला आयुष्यात कधी ना कधी कॅन्सर होण्याची शक्यता ९० टक्क्यांपर्यंत असते. काही मुलं दगावलीसुद्धा.

तो दाता स्वतः धडधाकट होता. २००५ साली विद्यार्थी असताना त्याने दान सुरू केलं आणि पेढीच्या तपासण्यांत तो पास झाला. दोष त्याच्या फार तर २० टक्के शुक्राणूंमध्ये होता, बाकी शरीरात जवळपास नव्हताच. नेहमीच्या चाचणीत तो सापडण्यासारखा नव्हता.

ज्यांचे उपचार सध्या चालू आहेत, त्यांच्या पोटात हे वाचून गोळा आला असेल. त्यांना आधी एवढं सांगते, की आपल्याकडे २०२१ च्या कायद्याने एका दात्याचे शुक्राणू एकाच जोडप्याला देता येतात. बेल्जियममध्ये मर्यादा एका दात्यामागे सहा कुटुंबांची होती, तरी या माणसाचे शुक्राणू ३८ स्त्रियांना दिले गेले. म्हणून पेढी नोंदणीकृत आहे ना, हे स्वतः विचारा. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, थॅलेसेमिया यांतल्या कोणत्या तपासण्या झाल्या तेही विचारा, संकोच करू नका. आणि फेसबुक किंवा टेलिग्रामवर भेटलेल्या कुणा परोपकारी माणसाकडून घरच्या घरी हे उरकायचा विचार मनात असेल, तर तो कृपा करून सोडा. तिथे ना तपासणी, ना नोंद, ना कायद्याचा आधार.

पण मला जास्त काळजी वाटते ती नंतरची. युरोपातला हा प्रकार उजेडात आला, कारण कॅन्सर झालेली ही मुलं शुक्राणुदानातून जन्मली आहेत हे त्यांच्या डॉक्टरांना ठाऊक होतं. आपल्याकडे ठाऊक असतं का? नवऱ्याच्या रिपोर्टमध्ये शुक्राणू शून्य निघतात आणि घरात बोलणी बसतात बायकोला. सासूला कळू नये, दिराला कळू नये, म्हणून सगळं गुपचूप होतं. बाळ झालं, बारसं झालं की फाइल फाडली जाते, फोन नंबर बदलतो, त्या दवाखान्याच्या रस्त्यालाही कुणी फिरकत नाही. पुढे मूल आजारी पडतं. डॉक्टर विचारतात, वडिलांच्या घरात कुणाला काही आजार? आणि आई नवऱ्याकडे बघत सांगते, आजोबांना शुगर होती. डॉक्टर त्या उत्तरावरून पुढच्या तपासण्या ठरवतात. हे मला फार लागतं, कारण यात वाईट हेतू कुणाचाच नसतो.

चार नातेवाइकांना सांगा, असं मी म्हणत नाही. त्यांचा काही संबंध नाही. कायद्याने मूल सर्वस्वी तुमचंच आहे, दात्याचा त्याच्यावर काडीचाही हक्क नाही. पण मुलाच्या डॉक्टरांना खरं सांगा. फाइल जपून ठेवा. नंबर बदलला, गाव बदललं तर दवाखान्याला कळवा, आणि मुलात आनुवंशिक आजार निघाला तर तेही कळवा. दवाखान्याने नोंदी किमान दहा वर्षं ठेवून पुढे राष्ट्रीय नोंदवहीकडे द्यायच्या असतात. त्या नोंदीतला तुमचा पत्ताच जुना असेल, तर वेळ आल्यावर तुम्हाला कोण शोधणार?

मुलाला सांगावं का? माझ्या मते सांगावं, आणि लहानपणीच, गोष्ट सांगावी तसं. सोळाव्या वर्षी भांडणात बाहेर पडण्यापेक्षा ते केव्हाही बरं. अमेरिकेतल्या आपल्या मंडळींकडे तर थुंकीवरून डीएनए तपासायचं किट वाढदिवसाला भेट म्हणून येतं. तिथे गुपित किती दिवस टिकणार?

आणि दान करायला निघालेल्या तरुणांनो, फॉर्म भरण्याआधी आईला, आत्याला, मावशीला विचारा, घरात कोण कशाने गेलं. कॅन्सर, लहान वयातला हृदयविकार, फिट्स, काहीही असो, लिहा. दान नाकारलं गेलं तरी चालेल. दान केल्यावर पाच-दहा वर्षांनी तुमच्या भावाला, बहिणीला असा काही आजार निघाला, तर त्याच आठवड्यात पेढीला फोन करा.