गांवच्या पाण्याचा ताळेबंद

हवामानबदलास तोंड देण्याकरितां २०१५ सालीं पॅरिस येथें जगांतील राष्ट्रांनीं करार केला व आपआपलीं वचनें लिहून दिलीं. पश्चिम आफ्रिकेंतील गरीब देशांपासून भारतापर्यंत बहुतेकांच्या वचनांत दोन भाग आहेत: धूर कमी करणें हा एक, आणि बदललेल्या पावसाशीं शेती जुळवून घेणें हा दुसरा. पहिला सरकार व कारखानदार पाहोत. दुसरा आमच्या बांधापर्यंत येऊन ठेपला आहे. २०१६ सालीं लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, आणि २०२५ च्या सप्टेंबरांत त्याच मराठवाड्यांत उभीं पिकें मातीसकट वाहून गेलीं, हें वाचकांस विदित आहेच.

ह्यावर उपाय म्हणून महाराष्ट्र सरकारनें जागतिक बँकेच्या कर्जानें २०१८ सालीं नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्प हातीं घेतला; लोक त्यास 'पोकरा' म्हणतात. पहिल्या टप्प्याचा खर्च सुमारें ४,००० कोटी रुपये, गांवें ५,००० हून अधिक, व त्यांत मराठवाड्याचे सर्व जिल्हे. ठिबक, शेततळीं, फळबागा ह्यांस अनुदान थेट खात्यांत जमा होतें. त्याची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु ह्याच प्रकल्पांत मुंबईच्या आय.आय.टी.च्या साह्यानें गांवोगांवच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत बसविली गेली: पाऊस किती, वाहून किती गेला, मुरला किती, पिकांस लागतो किती. ह्या कामास अनुदान चिकटलेलें नाहीं, म्हणूनच कीं काय, चावडीवर त्याची गोष्ट क्वचितच निघते.

महसुलाच्या दप्तरांत आमचें आयुष्य गेलें. जमेपेक्षां खर्च अधिक असेल तर कीर्द कितीहि सुवाच्य लिहा, शिल्लक निघत नाहीं. शेततळ्याचेंच घ्या. वाहतें पाणी अडवून भरलेलें तळें जमेच्या बाजूस पडतें. तेंच प्लास्टिक अंथरून विहिरीवरील मोटारीनें भरलें तर ती जमा नव्हे, शेजाऱ्याच्या विहिरींतून केलेली उचल होय. आपल्या काळ्या खडकांत पाणी भेगांत व मुरमाच्या थरांत राहतें. तें सातबाऱ्याची हद्द ओळखत नाहीं. शिवाय विहिरींतलें पाणी सावलींत असतें, तळ्यांतलें चैत्र-वैशाखांत उडून जातें.

मोसंबीच्या बागा अशाच तळ्यांनीं वांचल्या, असें आमचे कित्येक वाचक म्हणतील. तें खरें आहे, आणि जळालेली बाग पुनः फळावर येण्यास वर्षें लागतात हेंहि खरें. पण ज्याची जमीन तीन एकर व विहीर उथळ, त्याच्या दारीं येणारा टँकर कोणत्या खात्यांत मांडावयाचा?

अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार गांवीं दरसाल पाण्याचा हिशेब ग्रामसभेपुढें ठेवून पिकें ठरवितात, व शेतीकरितां बोअर घेण्यास तेथें मनाई आहे. तेथील जमीन आमच्याहून काळी नाहीं, कीं पाऊस जास्त नाहीं. प्रकल्पाचा दुसरा टप्पा आतां २१ जिल्ह्यांकरितां आहे. त्यांत, आमच्या मतें, रब्बीच्या पेरणीपूर्वीं ताळेबंद ग्रामसभेंत मोठ्यानें वाचला जावा. आणि जेथें तूट निघेल तेथें विहिरीवरून भरावयाच्या तळ्यास अनुदान देऊं नये, अर्जदार आमच्यापैकीं असला तरीहि. ज्या सभासदांच्या गांवीं असा ताळेबंद झाला असेल त्यांनीं त्याची नक्कल दिवाळीपूर्वीं ह्या मासिकाकडे पाठवावी.