फुकट टेस्ट, महागडा राजीनामा

शुक्रवारी बॉस निघाला की ऑफिसात दोन गोष्टी उघडतात. वेफर्सचं पाकीट आणि ‘तुमच्यासाठी परफेक्ट करिअर कोणतं?’ छाप फुकट टेस्ट! करा बिनधास्त. फक्त जरा बरी निवडा. अमेरिकेच्या कामगार खात्याची ‘ओ-नेट’ची टेस्ट घ्या, साठ प्रश्न, पैसा शून्य. मागे जॉन हॉलंड या मानसशास्त्रज्ञाचे सहा प्रकार. पण ती विचारते, काय आवडतं? जमतं का, हे विचारत नाही. आणि होम लोनचा हप्ता तर तिच्या गावीही नसतो.

आपल्याकडे २०१६ मध्ये दहावीच्या मुलांसाठी आलेली कल चाचणीही आवडीचीच होती. शेती, कॉमर्स, ललित कला, गणवेशधारी सेवा वगैरे सात कप्पे.

आता आपल्या नगरचे (कागदोपत्री अहिल्यानगर!) पोपटराव पवार कुठल्या कप्प्यात बसवाल? एम.कॉम. झालेला, क्रिकेट खेळणारा हा तरुण १९८९ मध्ये हिवरे बाजारचा सरपंच झाला. दुष्काळी गावात पाणी अडवलं, जिरवलं. २०२० ची पद्मश्री मिळाली. कॉमर्स? खेळ? शेती? ‘सरपंच’ असा ऑप्शन मी तरी कुठल्या टेस्टमध्ये पाहिलेला नाही.

तेव्हा रिझल्ट ‘शेती’ आला, तर लगेच राजीनामा टाइप करू नका. एका शनिवारी ओळखीच्या कुणाच्या शेतावर जा. कांद्याची लागण चालू असेल तर उत्तम. मावशींच्या शेजारी वाफ्यात चार तास वाका. सोमवारी ऑफिसची खुर्ची कशी वाटते, ते बघा. मग टेस्टचा रिझल्ट पुन्हा उघडा.