खेळाचा मॉनिटर घेताय? मग मोजूनमापून घ्या!

मैत्रिणींनो, परीक्षा आटोपल्या की नांदेड-लातूरकडच्या कितीतरी घरांत एक मागणी हमखास पुढे येते. वर्षभर शिकवण्या आणि नीट-जेईईच्या चाचण्यांत मान मोडून बसलेली मुले म्हणतात, "आई, आता तरी गेमिंगचा मॉनिटर घेऊन दे ना! तू कबूल केलं होतंस." 'लातूर पॅटर्न'च्या मुलखात खेळाचे नाव काढले की आपल्या पोटात गोळा येतो, हे खरे. पण दिलेला शब्द आपणच मोडला, तर पुढच्या वेळी मूल आपले का ऐकेल? आणि हो, मागणी मुलीची असली तर "तुला काय करायचाय तो?" असे म्हणू नका बरे. मुलीही तितक्याच आवडीने खेळतात.

या खरेदीला पैसे बहुधा आपल्या भिशीतून नाहीतर आर.डी.तून जातात. दुकानात मात्र आपण स्टुलावर बसून राहतो, आणि बोलणी मुलगा व दुकानदार करतात. "ताई, तुम्हाला त्यातलं नाही कळायचं." का बरे नाही कळायचे? कापडाचा पन्हा आणि कुकरचा तळ पाहून घेणाऱ्या बाईला खोक्यावरचे चार आकडे मुळीच जड नाहीत.

आधी कॉम्प्युटरला विचारा

मॉनिटर नुसते चित्र दाखवतो. ते तयार करतो कॉम्प्युटर, आणि त्यातही मुख्य काम ग्राफिक्स कार्डाचे. खोक्यावर '१८० हर्ट्झ' लिहिले असेल, तर तो पडदा सेकंदाला १८० वेळा चित्र बदलू शकतो एवढाच त्याचा अर्थ. घरचा कॉम्प्युटर सेकंदाला ६०च चित्रे तयार करत असेल, तर वरच्या आकड्यासाठी मोजलेले पैसे पाण्यात गेले.

म्हणून बाजारात जाण्याआधी मुलाला सांगा, "तुझा नेहमीचा खेळ लाव, व्ही-सिंक बंद कर आणि एफपीएस किती येतो ते मला दाखव." एफपीएस म्हणजे सेकंदाला तयार होणारी चित्रे. पुष्कळ खेळांत हा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात आणता येतो. तो ६० ते ९० च्या घरात असेल, तर १०० हर्ट्झचा मॉनिटर पुरे. सतत १०० च्या पुढे राहत असेल, तर १४४ ते १८० हर्ट्झचा घेण्यात अर्थ आहे. व्हॅलोरंटसारख्या हलक्या खेळात हा आकडा चांगला येतो, जड खेळात तोच निम्म्यावर येऊ शकतो. तेव्हा मूल खरोखर जे खेळते तेच लावायला सांगा.

२४० हर्ट्झचा हट्ट असेल, तर हा हिशेब मांडा. ६० हर्ट्झला एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते, १४४ ला ६.९ आणि २४० ला ४.२. पहिल्या उडीत जवळजवळ दहाची बचत, दुसरीत तिनाचीही नाही. पैसे मात्र दुसऱ्या उडीलाच जास्त पडतात.

मोठा म्हणजे चांगला नव्हे

पडदा तिरका मोजतात. २४ इंची मॉनिटर रुंदीला साधारण ५३ सेंटिमीटर भरतो. फुल एचडी पडद्यावर सुमारे २१ लाख ठिपके असतात. तेवढेच ठिपके २७ इंचांवर पसरले की चित्र विरळ दिसते. कणकेचा गोळा तेवढाच ठेवून पोळी मोठी लाटली तर ती पातळच होणार ना, तसेच! २७ इंचाला १४४० चा पडदा शोभतो, पण त्यावर सुमारे ३७ लाख ठिपके असल्याने कार्डाचे काम पावणेदोन पटीने वाढते. मध्यम कॉम्प्युटर असेल तर २४ इंची फुल एचडीच घ्यावा. आपल्याकडच्या दोन फूट खोलीच्या टेबलावर तोच नीट बसतो.

"घरात टीव्ही आहे की!" असे घरचे म्हणतीलच. पुष्कळ ३२ इंची 'एचडी रेडी' टीव्हींवर जेमतेम साडेदहा लाख ठिपके असतात. शिवाय बटण दाबल्यापासून चित्र हलेपर्यंत टीव्ही जास्त वेळ घेतो. तरी एकदा जोडून, टीव्हीचा 'गेम मोड' लावून पाहा. धाकट्यांचे तेवढ्यात भागत असेल तर खर्च वाचला.

पडद्याच्या जाती तीन. आयपीएसचे रंग बाजूनेही नीट दिसतात. व्हीएचा काळा रंग गडद असतो, पण काळोख्या, वेगवान दृश्यात त्यावर मागे सावली ओढल्यासारखी दिसू शकते. टीएन वेगवान, पण रंगाला फिका. अभ्यासालाही तोच मॉनिटर लागणार, म्हणून आयपीएस बरा. '१ एमएस' या शब्दांवर भाळू नका, प्रत्येक कंपनीची मोजण्याची रीत वेगळी असते.

किंमत आणि पारख

भाव हलते असतात. तरी २४ इंची १०० हर्ट्झचा साधारण सात ते नऊ हजारांत आणि १४४ ते १८० हर्ट्झचा नऊ ते तेरा हजारांत बसावा. "जीएसटी उतरला म्हणून स्वस्त दिला" असे कोणी सांगितले, तर ध्यानात ठेवा: सप्टेंबर २०२५ मध्ये कर २८ वरून १८ टक्के झाला तो ३२ इंचांहून मोठ्या पडद्यांवर. लहान मॉनिटरवर तो आधीही १८ होता, आजही १८च आहे.

गंजगोलाईत साडी घेताना आपण ती उलगडून पाहतोच. मॉनिटरही तिथेच लावून घ्या. पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे एकेक रंग पूर्ण पडद्यावर आणून अडकलेला ठिपका दिसतो का ते पाहा. एखाद्-दुसऱ्या ठिपक्यासाठी बऱ्याच कंपन्या नंतर मॉनिटर बदलून देत नाहीत. वॉरंटी किती वर्षांची, दुरुस्ती गावात होते की छत्रपती संभाजीनगरला किंवा पुण्याला पाठवावे लागते, हे विचारा आणि पक्के बिल घ्या. घरपोच मागवलात तर खोके उघडतानाचे चित्रण करून ठेवा. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात दाद मागता येते, विक्रेता कुठलाही असो.

घरी आणल्यावर

वेगाचा आकडा विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन निवडावा लागतो, नाहीतर नवा मॉनिटर ६० वरच चालत राहतो. डिस्प्लेपोर्टची सोय दोन्हीकडे असेल तर तीच वायर लावा, कारण काही स्वस्त मॉनिटर एचडीएमआयवर पूर्ण वेग देत नाहीत. विजेच्या बिलाची धास्ती नको: २५ वॅटचा मॉनिटर रोज ४ तास चालला तर महिन्याला ३ युनिट. कॉम्प्युटरचे वेगळे. वळवाचा गडगडाट सुरू झाला की मात्र प्लग काढून ठेवा.

पडदा हातभर लांब आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत असावी. दर २० मिनिटांनी २० फुटांवर २० सेकंद पाहायचे, हा नियम मुलांना लावा. मॉनिटर बैठकीच्या खोलीत ठेवलात, तर वेळेवरून दार वाजवावे लागत नाही. आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने बंदी घातली आहे, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

आता एक चिठ्ठी करा: घरच्या कॉम्प्युटरचा एफपीएस, टेबलाचे माप, आपले बजेट. ती चिठ्ठी मुलाच्या नव्हे, आपल्या पर्समध्ये ठेवा आणि दुकानात पहिला प्रश्न आपण विचारा.